पेसपांडे

प्रत्येक सोसायटीत एक अध्यक्ष असतो, एक त्यांच्याशी कायम भांडणारा असतो आणि हल्ली एक पेसपांडे असतो. मूळ आडनाव देशपांडे, जोशी, पाटील, शिंदे, काहीही असेल. पण हा गृहस्थ भेटला की तिसऱ्या वाक्याला ‘आज पेस किती आला’, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागली, यावर येणारच, म्हणून लोकांनी हे नाव पाडलं. वय पंचेचाळिशीच्या अलीकडेपलीकडे. नोकरी बँकेत नाहीतर आयटीत. चाळिशीपर्यंत व्यायाम म्हणजे शाळेतल्या पीटीची धूसर आठवण. मग एका वार्षिक तपासणीत डॉक्टर रिपोर्टावरून मान वर करून ‘जरा चालत जा’ एवढंच म्हणाले, आणि गडी चालण्यावरून पळण्यावर, पळण्यावरून सायकलवर आणि सायकलवरून थेट तलावात उतरला. डाव्या मनगटावर तेव्हापासून एक जाडजूड काळं घड्याळ आहे. त्याची घरात सांगितलेली किंमत वेगळी आणि बिलावरची वेगळी. बिल ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.

आमचे पेसपांडे पुण्याचे, सिंहगड रस्त्यावरचे. पहाटे पाचला फाटकाबाहेर डावा हात आभाळाकडे करून निश्चल उभे असतात. नवा वॉचमन पहिल्या दिवशी धावत आला, “साहेब, हाताला काय झालं?”

“काही नाही रे, सॅटेलाइट पकडतोय.”

वॉचमननं वर बघितलं, मग साहेबांकडे बघितलं आणि निमूटपणे खुर्चीवर जाऊन बसला.

हे उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि माणूस नेमका कुठे आहे हे ठरवायला त्यातले किमान चार लागतात. अमेरिकेनं ते सोडले लष्करासाठी. आता त्यातले चार जण मिळून पेसपांडे दूध डेअरीच्या अलीकडून वळले की पलीकडून, याची नोंद घेतात. त्यातही आमच्या दोन विंगांच्या भिंतींवर आपटून सिग्नल येतो, त्यामुळे नकाशावरची रेघ जरा भरकटते. एकदा पेसपांडे बी विंगमधून आरपार पळालेले दिसले, तेही अध्यक्षांच्या बेडरूमच्या बाजूनं. हा नकाशा त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर मोठ्या अभिमानानं टाकला होता. अध्यक्षांनी वार्षिक सभेत खुलासा मागितला.

दहा किलोमीटर पळायचे म्हणजे दहाच. फाटकाशी परतल्यावर घड्याळ ९.८७ दाखवत असेल, तर हा माणूस घामानं निथळत पार्किंगमध्ये गोल गोल फिरतो आणि १०.०० उमटलं की जागच्या जागी थांबतो. मॅरेथॉनमध्ये मात्र उलटं. तिथला मार्ग सगळ्यात जवळच्या रेषेनं मोजलेला असतो आणि पळणारे गर्दीतून, पाण्याच्या टेबलाकडे, वळणांच्या बाहेरच्या बाजूनं पळतात, म्हणून घड्याळ बहुधा जास्तच अंतर दाखवतं. पेसपांड्यांना हे मान्य नाही. पदक गळ्यात पडल्याबरोबर ते संयोजकांना गाठतात, “तुमचा रूट चारशे मीटर जास्त आहे!” संयोजक हात जोडतात. त्यांच्याकडे असे पुष्कळ येऊन गेलेले असतात.

तलावात तर आणखी गंमत. पाण्यात उपग्रहांचं काही चालत नाही. तिथं घड्याळ हाताच्या हालचालीवरून आणि भिंतीला मारलेल्या रेट्यावरून फेऱ्या मोजतं. तलाव पंचवीस मीटरचा आहे हे त्याला आधी सांगून ठेवायचं. यातून दोन गोष्टी घडतात. मध्येच उभ्या राहिलेल्या एखाद्या पोराला चुकवताना पेसपांडे थबकले की घड्याळ एक फेरी जादा मोजतं. ती ते कधीही कमी करत नाहीत. दुसरं म्हणजे सरांनी हातात फळी देऊन ‘आज नुसते पाय मारा’ म्हटलं, तर हात स्थिर राहतात आणि घड्याळाच्या हिशेबी माणूस जागेवरच असतो. जे घड्याळात चढत नाही त्यासाठी पाय कशाला झिजवायचे, असा पेसपांड्यांचा रोखठोक सवाल. परिणामी त्यांचे पाय आजही बुडतात आणि सर आजही काठावरून ओरडतात, “पाय, पाय! पाय कुठे आहेत तुमचे?”

रविवारी ‘ब्रिक’ असतो. म्हणजे सायकल संपल्या संपल्या पळायचं. सायकलीवरून उतरल्यावर पाय विटेसारखे जड होतात, तरी पळायचं. पोहणं, सायकल, पळणं अशा सलग स्पर्धेत कपडे-बूट बदलण्याची वेळही मोजली जाते, म्हणून पेसपांडे पार्किंगमध्ये टॉवेल अंथरून त्याचा सराव करतात: हेल्मेट काढा, बूट चढवा, टोपी घाला, घड्याळाचं बटण दाबा आणि सुटा. एका रविवारी वहिनी भाजीच्या दोन पिशव्या घेऊन रिक्षातून उतरल्या. “अहो, एवढी पिशवी जरा...” पेसपांडे बाणासारखे बाजूनं निघून गेले. त्या दिवशी त्यांनी बूट बदलण्याचा स्वतःचा विक्रम मोडला. दुपारी जेवायला काय मिळालं, याची नोंद उपलब्ध नाही.

वहिनींचं आणि घड्याळाचं नातं जरा नाजूक आहे. सकाळी ‘झोप झाली का नीट?’ असं विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी नवरा मनगटाकडे बघतो. सत्यनारायणाच्या पूजेत चौथा अध्याय चालू असताना घड्याळ थरथरून ‘उठा, हला’ म्हणतं आणि यजमान चुळबुळ करतात. नवऱ्यानं नवं मॉडेल घेतल्यावर जुनं घड्याळ वहिनींकडे आलं. त्यांनी ते घालून कणीक मळली, पोळ्या लाटल्या आणि ओट्यापासून न हलता त्यांच्या खात्यात शेकड्यांनी पावलं जमा झाली, कारण ते बिचारं पावलं ओळखतं हाताच्या हालचालीवरून. त्याच संध्याकाळी पेसपांडे मॉलमध्ये ट्रॉली ढकलत तासभर हिंडले, पण मनगट ट्रॉलीवर स्थिर. पावलं जवळजवळ नाहीतच. “आता कळलं ना, घरात कोण जास्त चालतं?” वहिनी म्हणाल्या. त्यानंतर आठवडाभर पेसपांडे घड्याळाच्या अचूकतेवर काही बोलले नाहीत.

पण या माणसाला खरा घाव घालतं ते घड्याळच. एप्रिलच्या उन्हात त्यांनी आठवडाभर जिवापाड मेहनत केली: सिंहगड चढले, खडकवासल्यापर्यंत पळाले, सायकलनं कात्रजचा घाट चढून आले. रविवारी रात्री घड्याळानं शेरा दिला: ‘अनप्रॉडक्टिव्ह’. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या साहेबांनी कधी असा शब्द वापरला नव्हता. आता यातलं गणित सोपं आहे. घड्याळ वेग आणि हृदयाचे ठोके यांची सांगड घालून माणसाची ताकद जोखतं. उन्हात त्याच वेगाला ठोके जास्त पडतात, की त्याला वाटतं गडी ढेपाळला. पण हे पेसपांड्यांना सांगणार कोण? ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे गारव्यात पळून आले, शेरा ‘प्रॉडक्टिव्ह’ झाला आणि घरात आंबे आले.

पेसपांड्यांचा आवडता किस्सा १९७८ सालचा. हवाईतल्या ओआहू बेटावर आयर्नमॅन ही तिहेरी स्पर्धा पहिल्यांदा झाली ती १८ फेब्रुवारीला, आणि जीपीएसचा पहिला उपग्रह सुटला तो २२ फेब्रुवारीला. “चार दिवसांचं अंतर! याला म्हणतात पत्रिका जुळणं!” हे ते लिफ्टमध्ये सगळ्यांना सांगतात. पण त्या पहिल्या स्पर्धेत उतरलेल्या पंधरा जणांपैकी बारा जणांनी ती पूर्ण केली तेव्हा कुणाच्याही मनगटावर उपग्रहाशी बोलणारं घड्याळ नव्हतं. आणि दुसरा आलेल्या जॉन डनबारजवळचं पाणी संपल्यावर त्याच्या सोबत्यांनी त्याला चक्क बिअर पाजली होती. हा उत्तरार्ध पेसपांडे वहिनींसमोर सांगत नाहीत.

अखेर ते स्वतः स्पर्धेत उतरायला गोव्याला गेले. २०१९ साली तिथं मिरामारच्या किनाऱ्यावर ‘आयर्नमॅन ७०.३’ सुरू झाली: समुद्रात १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं, मिळून ७०.३ मैल. पेसपांडे लाटांशी झुंजून बाहेर आले, धावत सायकलीपाशी गेले, हेल्मेट घातलं आणि निघाले. पार्किंगमधल्या तालमीतलं सगळं जमलं, फक्त बटण दाबायचं राहिलं. सायकलीचं अर्ध्याहून अधिक अंतर काटल्यावर त्यांनी मनगटाकडे पाहिलं, तर ते अजून पोहतच होते. ते पोहण्याचा जागतिक विक्रम मोडून बऱ्याच पुढे गेले होते. मग गडबडीत दोनदा बटण दाबलं गेलं आणि उरलेलं सायकलिंग घड्याळानं पळण्यात जमा केलं. एवढं होऊनही पेसपांड्यांनी स्पर्धा वेळेत पूर्ण केली, कारण संयोजकांची वेळ घोट्याला बांधलेल्या चिपवर मोजली जाते. मनगटावरच्या घड्याळाला तिथं कुणी विचारत नाही. अंतिम रेषेवरच्या फोटोत सगळे हात वर करून हसताहेत आणि आमचे पेसपांडे खाली मान घालून घड्याळात बघताहेत.

त्यांना खेळाडू म्हणायचं का? मला विचाराल तर हा माणूस मुळात जमाखर्च लिहिणाऱ्यांच्या घराण्यातला आहे. त्यांचे वडील रोज रात्री वहीत दूध, रिक्षा, रद्दी यांचा हिशेब लिहायचे आणि चार आणे जुळले नाहीत तर झोपायचे नाहीत. मुलानं तीच वही मनगटावर बांधली आहे, फक्त रकाने बदलले: ठोके, पावलं, झोप. वडिलांच्या हिशेबानं फ्लॅट आला. मुलाच्या हिशेबानं रक्तदाबाची गोळी अर्धी झाली. जादा मोजलेल्या सगळ्या फेऱ्या वजा करूनही ही बाकी खरी आहे.

तेव्हा तुमच्याही इमारतीत असा कुणी असेल, तर त्याला हसा, पण लिफ्टमध्ये भेटला की ‘आज किती झाले?’ एवढं विचारा आणि सगळं उत्तर ऐकून घ्या, मग तुमचा मजला गेला तरी चालेल. घरी त्याचं हे कुणी ऐकत नाही, आणि घड्याळ ऐकतं ते फक्त बटण दाबल्यावर.