टॅग वाचला, नियम कोण वाचणार?

काचेवरच्या फास्टॅगमध्ये ना बॅटरी असते, ना पैसे. नाक्यावरच्या रीडरच्या रेडिओलहरी अंगावर पडल्या की तेवढ्याच शक्तीवर तो जागा होतो आणि आपला क्रमांक सांगून मोकळा होतो. पैसे जातात बँकेतून. टोलच्या अख्ख्या व्यवहारात खिसा नसलेला हा एकटाच.

कागदावर हे सगळं काही मीटरांवरून, डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. नाक्यावर मात्र ‘जरा मागं घ्या’, ‘आता पुढं घ्या’. शेवटी एक पोरगा हातात यंत्र घेऊन येतो आणि थेट काचेला टेकवतो.

लांब पल्ल्याचं तंत्रज्ञान म्हणतात ते हेच!

टॅग वाचला गेला नाही तर चूक कुणाची? हे काय विचारणं झालं? टॅग वाकडा लावलाय, काच मळलीय, बॅलन्स संपलाय. रीडर बिघडलाय, असं कधी ऐकलंत?

खरं तर नियम २०१८ पासूनच आहे. टॅग चालू, खात्यात पैसे आणि यंत्र नाक्याचं बिघडलेलं, तर गाडी फुकट सोडायची, वर शून्य रुपयांची पावतीही द्यायची. म्हणून दाखवा हा नियम खिडकीपाशी. पावतीआधी मागच्यांचे हॉर्न मिळतील.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टॅग सक्तीचा झाला. नसेल तर दुप्पट टोल. त्याच वर्षी मे महिन्यात महामार्ग प्राधिकरणानेही शब्द दिला : गाडीमागे १० सेकंद, आणि रांग १०० मीटरच्या पिवळ्या रेषेपलीकडे गेली तर टोल माफ.

२०२४ मध्ये माफी मागे घेतली. रांगेला तसं कुणी सांगितलं नाही.

दुप्पट टोल मात्र टिकला. नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरणाऱ्याला सव्वापटीत सोडतात, एवढीच काय ती दया.

वार्षिक पासचंही तसंच. २०२५ मध्ये आला तेव्हा ३,००० रुपये, २०० फेऱ्या, पण फक्त राष्ट्रीय महामार्गांवर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याचा, तिथे पास चालत नाही. रस्ता केंद्राचा की राज्याचा, हे यंत्राला क्षणात कळतं. खड्डा कुणाचा, हे अजून एकाही यंत्राला कळलेलं नाही.

आता म्हणे नाकेच हटणार. वर कमान, कमानीवर रीडर आणि कॅमेरे, खालून गाड्या सुसाट. उत्तम! फाटक जाईल, रांग जाईल, ‘मागं घ्या’ म्हणणारा पोरगाही जाईल.

आणि पैसे चुकून दोनदा कापले तर? भांडायचं कुणाशी, कमानीशी?

तसं नाही, १०३३ हा मदत क्रमांक आहे. म्हणजे कापायला यंत्र, परत मागायला फोन. घाई कोणत्या बाजूला आहे, ते सांगायला रीडर लागत नाही.