डी विंगमधील श्री. मॅलॅम्यूट यांस खुले पत्र

महोदय,



आपल्याविरुद्ध आलेल्या तक्रारींची फाइल आता एका हातात मावेनाशी झाली आहे. तेव्हा सोसायटीचा सचिव या नात्याने आपणास लेखी समज देण्याचे काम व्यवस्थापन समितीने माझ्यावर सोपवले आहे. पत्र खुले ठेवले आहे, कारण मागची नोटीस आपण पाकिटासकट खाल्लीत.

सर्वांत गंभीर बाब अशी की, आपण आपल्या पालकांची फसवणूक केलीत. त्यांनी मोबाइलवर बर्फात लोळणारे पिल्लू पाहिले आणि तसेच आणले. ते ओंजळीत मावत होते. पुढे आपण कोणालाही न विचारता ३८ किलोचे झालात. आपल्या जातीच्या नराचे वजन साधारण एवढेच भरते आणि खांद्यापाशी उंची २५ इंच असते, हे अमेरिकन केनेल क्लबने कधीच छापून ठेवले आहे.  पण एवढा पैसा मोजणाऱ्या माणसाने वर वाचतही बसायचे, ही अपेक्षा जरा जास्तच नाही का? पालकांना डोळेही निळे हवे होते. ते हस्कीला शोभतात. आपल्या जातीत निळा डोळा प्रदर्शनातून बाद करतात. आपण तपकिरी डोळे घेऊन आलात आणि वर्षभर त्यांना हस्कीचे मालक समजू दिलेत.

दुसरी तक्रार ओढण्याची. अलास्काच्या वायव्य किनाऱ्यावर, कोट्झेब्यू साउंडच्या आसपास, आपले पूर्वज मालेम्यूट इन्युपियाक लोकांच्या स्लेज ओढत. शर्यतीच्या नव्हेत, ओझ्याच्या: शिकारीचे मांस, सामानसुमान, सगळा संसार. कित्येक पिढ्या ज्याने नेटाने ओढले त्याचीच पिल्ले राखली गेली. हा इतिहास आम्हास मान्य आहे. तरीही गळ्यात पट्टा आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला वॉचमन दिसताच आपण त्यास गेटपासून पार्किंगपर्यंत नेलेत, हे नियमात बसत नाही. जाणकार म्हणतात की अशा कुत्र्याला हार्नेस घालून काम द्यावे; हाडे पक्की होईपर्यंत ओझे नको, पण पुढे रोज खरी मेहनत हवी. आपले पालक रोज दहा मिनिटे आपणास खाली आणतात. त्यातली चार लिफ्टची वाट पाहण्यात जातात. आणखी काय हवे?

आता लोकरीचा मुद्दा. आपल्या अंगावर दोन थर आहेत: बाहेर राठ केस आणि आत एक-दोन इंच जाडीची तेलकट लव. वर्षातून दोनदा ही लव पिंजलेल्या कापसासारखी जिन्यात उडते आणि पालकांचा झाडू त्या काळात नेमका सापडत नाही. वैशाखात पुण्याचा पारा चाळिशीला टेकला, तेव्हा आपण पोर्चमधल्या फरशीवर आडवे पडून जीभ बाहेर काढलीत. त्यामुळे येणाऱ्या पाहुण्यांचा सोसायटीविषयी गैरसमज झाला. पालकांनी तातडीने उपाय म्हणून आपली हजामत केली. हाच थर उन्हापासून कातडी वाचवतो आणि एकदा काढला की कधी कधी धड परत येत नाही, असे पशुवैद्य सांगतात. पण फोटो छान आले होते. एसी चोवीस तास चालतो म्हणावे, तर गुरुवारी लाईट जाते आणि जनरेटरवर फक्त लिफ्ट आणि जिन्यातले दिवे. मुंबईत राहणाऱ्या आपल्या जातभाईंचे हाल याहून वाईट. कुत्रा धापा टाकून अंग निववतो आणि तिथली हवाच दमट, मग वाफ होणार कशी?

बी विंगमधल्या काकूंचे वागणे या संदर्भात समितीस संशयास्पद वाटते. कोणीतरी सोडून दिलेली हस्की त्यांनी घरात घेतली. पहाटे पाचच्या आत फिरवून आणतात. फरशी तापली आहे का, हे आधी हाताची मागची बाजू टेकवून बघतात. पट्टा कधी सोडत नाहीत, कारण मांजर दिसले की या मंडळींना हाक ऐकू येत नाही. नसबंदी केली, महानगरपालिकेचा परवाना काढला, गुरुवारसाठी इन्व्हर्टर बसवला. उन्हाळ्यात गावी जाणेसुद्धा सोडले. कोणी कौतुकाने ‘असा कुत्रा कुठे मिळेल?’ विचारले की ‘घेऊ नका’ म्हणतात. त्यांच्याविरुद्ध आजवर एकही तक्रार नाही. इतके करावे लागत असेल तर कुत्रा पाळण्यात मजा ती काय?

आपल्या जन्माच्या कागदांबाबतही खुलासा हवा. पालक सांगतात की आपण ‘पेपरवाले’ आहात. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरची नोंदणी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे असावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. आपण पाचव्या आठवड्यातच बास्केटमधून आलात. आईबापाच्या खुब्यांचे एक्स-रे पाहिले का, असे मी विचारले असता पालकांनी पेडिग्रीचा कागद दाखवला. त्यावर सोनेरी शिक्का आहे.

रात्री आपण भुंकत नाही, हे आपल्या बाजूने नोंदवतो. आपण गाता, आणि लांबलचक गाता. एकट्याने बंद गॅलरीत बारा तास काढणाऱ्याने गप्प बसावे, असा ठराव सातविरुद्ध शून्य मतांनी संमत झाला आहे.

शेवटी, सोसायटीच्या ग्रुपवर परवा आलेला मजकूर आपल्या माहितीसाठी: ‘दोन वर्षांचा नर, पेपरसह, अतिशय प्रेमळ, जागेअभावी देणे आहे. फार्महाऊस असल्यास प्राधान्य.’ आपल्या जातीचे आयुष्य दहा ते चौदा वर्षांचे असते, हे लक्षात घेता आपण जागा व्यापण्याचे काम फारच घाईने उरकलेत. सबब, सदर मजकुरास प्रतिसाद येईपर्यंत आपण ओढणे, झडणे, गाणे आणि तापणे तात्काळ थांबवावे व सात दिवसांत लेखी खुलासा करावा.

आपला विश्वासू,
सचिव

प्रत माहितीस्तव: श्री. पालक, डी विंग. (मेंटेनन्स वेळेवर भरतात. कार्यवाही अपेक्षित नाही.)