ओला, सुका आणि टूलबार

नको असलेले सॉफ्टवेअर संगणकात चोरपावलांनी येत नाही. मालकाच्या 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश'वर वाजतगाजत येते. इंदूरात पोह्यांवर शेव न मागता पडते, तसेच फुकटच्या पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर टूलबार, बदललेले सर्च इंजिन आणि 'पीसी क्लीनर' येऊन पडतात. शेव निदान खाऊन संपते. एकेकाळी जावाच्या इन्स्टॉलरमध्येही आस्क टूलबारपुढे आधीच खूण केलेली असे, म्हणजे प्रतिष्ठितांची पंगतही सोवळी नव्हती.

२०१७ ते २०२३ सलग सात स्वच्छ सर्वेक्षणांत पहिल्या आलेल्या इंदूरात ओला-सुका कचरा घरातच वेगळा होतो. संगणकातला मात्र एकाच डब्यात नांदतो. तो टाळायचा तर डाउनलोड मूळ कंपनीच्या साइटवरूनच करावे, 'कस्टम' निवडावे आणि परस्पर केलेल्या खुणा काढाव्यात. काढायचा तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अॅप्समधून अनइन्स्टॉल करावे. डेस्कटॉपवरचा आयकॉन तेवढा पुसणे म्हणजे दारावरची पाटी काढली की भाडेकरू गेला, असे मानणे. मग ब्राउझरमधली एक्स्टेन्शन व नोटिफिकेशनच्या परवानग्या तपासाव्यात, शेवटी विंडोजच्याच डिफेंडरने स्कॅन करावे. शेकडो धोके सापडल्याची बोंब मारून पैसे मागणारा 'क्लीनर' बहुधा त्या यादीत स्वतःला मोजत नाही. अनइन्स्टॉलची सुरुवात त्याच्यापासून करावी.