बोट लागण्यावर आल्याचा शास्त्रोक्त विनियोग : उमेळे व परिसरातील प्रवाशांसाठी

'बोट लागणे' या विकाराचे विवेचन करण्यापूर्वी 'लागणे' या क्रियापदाची व्याप्ती ध्यानात घेणे इष्ट ठरते. मराठीत भूक लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, वेड लागते आणि लग्नही लागते. यांपैकी कशाचाही उपाय लागणारी वस्तू करत नाही, ज्याला लागते त्यालाच तो करावा लागतो, आणि बोटीचा व्यवहारही याच न्यायाने चालतो. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांतील द्रव हलला की शरीर हलत असल्याची वार्ता मेंदूला पोहोचते. त्याच वेळी डोळे समोरच्या बाकावर किंवा मोबाइलवर खिळलेले असतील, तर ते सर्व काही स्थिर असल्याचे कळवतात, आणि या दोन परस्परविरोधी साक्षींचा निकाल लावता न आल्यामुळे मेंदू शिक्षा पोटाला सुनावतो. घाटात एसटी लागते ती याच कारणाने.

उमेळे हे वसई तालुक्यातील, नायगाव स्थानकाच्या पश्चिमेकडचे गाव असून मिठागरे आणि खाडी यांचा शेजार त्याला लाभलेला आहे. या शेजारामुळे 'खाडीकाठच्या माणसाला बोट कसली लागते' असा एक सिद्धान्त परिसरात रूढ झाला आहे. तो साफ चुकीचा आहे. खाडीकाठी राहिल्याने खाडीच्या वासाची सवय होते, तिच्या हेलकाव्यांची होत नाही; ती सवय टांडेलाला आणि खलाशांना असते, आणि नोकरदार उमेळेकर वसईची खाडी वर्षानुवर्षे ओलांडत आला असला तरी तो लोकलच्या दारात उभा राहून, रेल्वेच्या पुलावरून ओलांडत आला आहे.

हा सिद्धान्त प्राधान्याने 'काका' या वर्गात आढळतो. प्रस्तुत लेखनात 'काका' ही संज्ञा नात्यापेक्षा वृत्तीची वाचक समजावी : ज्या गृहस्थाला कधीच काही लागत नाही, ज्याच्या खिशात इतरांसाठी सदैव आल्याचा तुकडा असतो, आणि जो तो तुकडा समोरच्याला लिंबासारखे पिवळे पडलेले पाहिल्यानंतरच बाहेर काढतो, तो काका. असा एक गृहस्थ प्रत्येक कुटुंबात असतो आणि सहलीचे आयोजनही नेमके त्याच्याचकडे असते.

उपायाचा पहिला नियम द्रव्याच्या निवडीचा आहे. आले हे मूळ नसून जमिनीखाली वाढणारे खोड आहे. संस्कृतात त्याला ओलेपणावरून आर्द्रक आणि शिंगासारख्या आकारावरून शृंगवेर म्हणतात, आणि युरोपीय भाषांतील आल्याची नावे या दुसऱ्या शब्दाच्या वंशातली आहेत. वाळवलेले आले म्हणजे सुंठ. तिला आयुर्वेदात विश्वभेषज, म्हणजे सर्व रोगांवरचे औषध, असे भारदस्त नाव असून काकांनी ते शब्दशः घेतलेले आहे. महाराष्ट्रात लावल्या जाणाऱ्या आल्याच्या प्रसिद्ध जातीचे नाव 'माहीम' आहे, आणि केळवे-माहीम आपल्याच पालघर जिल्ह्यात असल्याने जगातील यच्चयावत आले मुळात आपल्याकडचे, असे प्रमेय काका भाजीवालीसमोर मांडतात. भाजीवाली त्यावर भाव कमी करत नाही. निवडताना नवे, पातळ सालीचे, चकचकीत आले टाळून जून, सुरकुतलेले, मोडताना तंतू ओढले जाणारे आले घ्यावे, कारण तिखटपणा जून आल्यात अधिक असतो. हा तिखटपणा जिंजरॉल नावाच्या द्रव्याचा. आले वाळताना त्याचा काही अंश शोगाओल या अधिक झणझणीत द्रव्यात बदलतो, म्हणून सुंठ आल्याहून जहाल लागते. शोगाओलच्या नावात आल्याचा जपानी शब्द 'शोगा' दडलेला आहे. काकांच्या प्रमेयात जपानची सोय अद्याप झालेली नाही.

दुसरा नियम वेळेचा असून सर्व अपयशाचे मूळ तेथेच आहे. आले बोटीत चढण्यापूर्वी अर्धा ते एक तास आधी पोटात गेले पाहिजे. मराठीने या बाबतीत एक घातक श्लेष करून ठेवला आहे : वेळेवर 'आले' घेतले नाही तर नंतर केवळ 'आले, आले' असे ओरडणे उरते, आणि त्या क्रियापदाच्या वेळी नाम तोंडात कोंबून काहीही साध्य होत नाही. काका मात्र आधी देत नाहीत. आधी दिले तर त्रास होत नाही, त्रास झाला नाही तर उपायाची थोरवी कोणाला कळत नाही, आणि सुंठेवाचून खोकला गेल्याचे श्रेय सुंठेच्या मालकाला मिळत नसते. हे दर वर्षी सांगावे लागते आणि दर वर्षी मांडव्याच्या बोटीसाठी थांबताना गेटवे ऑफ इंडियाच्या पायऱ्यांवर 'अजून कोणाला काही झालेय का' हेच उत्तर मिळते.

प्रमाण आणि गुण या दोहोंविषयी विद्वानांचे एकमत नाही. १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ३६ विद्यार्थ्यांची विभागणी करून त्यांना गरगर फिरणाऱ्या खुर्चीत बसवले गेले, आणि सुमारे ९४० मिलिग्रॅम आल्याची पूड घेतलेल्यांनी बोट लागण्यावरची प्रचलित गोळी घेतलेल्यांपेक्षा अधिक काळ तग धरला. १९८८ साली डेन्मार्कच्या नौदलातील ८० नवख्या छात्रांवर खवळलेल्या समुद्रात एक ग्रॅम पुडीचा प्रयोग झाला. आले घेतलेल्यांत ओकारी आणि थंड घाम यांचे प्रमाण घटले, पण मळमळ आणि भोवळ यांत पडलेला फरक निर्णायक नव्हता. पुढे १९९१च्या एका अभ्यासात तर आल्याचा काहीच उपयोग दिसला नाही. एकूण निष्कर्ष असा की आले काहींना थोडे उपयोगी पडते, आणि कुटुंबात एखाद्याला हमखास बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, तीही निघण्याआधीच. तिने झोप येते हा तिचा मुख्य दोष. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी औषध म्हणून आले घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. हे परिशिष्ट काकांना वाचून दाखवू नये.

कोणत्या रूपात घ्यावे, हा तिसरा प्रश्न. आल्याचा चहा उपाय म्हणून गणता येत नाही, कारण दूध, साखर आणि पाणी यांच्या त्या संगमात आले हे सरस्वतीसारखे गुप्त असते. आलेपाकाची वडी, जी लोकलमध्ये आणि एसटी स्थानकांवर विकली जाते, तीत साखरेचे राज्य असून आले मांडलिक आहे. तरी ती चघळणाऱ्या मुलाचे तोंड काही काळ बंद राहते, हा गुण नगण्य म्हणता येणार नाही. सुंठेची पूड प्रमाणात मोजता येते म्हणून शास्त्राला प्रिय आहे, परंतु वाऱ्यावर पुडी उघडल्यास ती शेजारच्या प्रवाशाच्या डोळ्यांत जाते.

सर्वोत्तम रूप काकूंकडे असते. त्या आदल्या रात्री, भांडी आवरून झाल्यावर, आल्याची साल सुरीने न काढता चमच्याच्या कडेने खरवडतात, कारण सुरीबरोबर अर्धे आले जाते. मग आडव्या, तंतू तोडणाऱ्या, दिव्यासमोर धरल्यास उजेड दिसेल इतक्या पातळ चकत्या करून त्यांवर लिंबू पिळतात, चिमूटभर सैंधव भुरभुरतात आणि घट्ट झाकणाच्या लहान स्टीलच्या डबीत ठेवतात. सकाळपर्यंत पाणी सुटते आणि चव मुरते. नायगावहून गाडी सुटली की चर्चगेटच्या अलीकडे प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन चकत्या पडलेल्या असतात, त्यामागे व्याख्यान नसते, आणि मांडव्याला उतरेपर्यंत आपल्याला काही कसे झाले नाही याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. या पद्धतीवर कोठेही शोधनिबंध प्रसिद्ध झालेला नाही.

आहाराच्या बाबतीत रिकामे पोट आणि तुडुंब पोट ही दोन्ही त्याज्य होत. वसईची सुकेळी, म्हणजे राजेळी केळी उन्हात वाळवून केलेला मेवा, या कामी उत्तम. आगाशीचे भुजिंग, म्हणजे भाजलेली कोंबडी आणि पोहे यांचे ते तिखट मिश्रण, परतीच्या रात्रीसाठी राखून ठेवावे. काका ते आदल्या रात्री खातात.

बसण्याच्या जागेचा नियम सोपा आहे. बोट हा एक मोठा सी-सॉ असून टोके सर्वाधिक वरखाली होतात, म्हणून मध्यभागी बसावे, इंजिनाच्या धुरापासून दूर राहावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी, जेणेकरून डोळ्यांची साक्ष कानांच्या साक्षीशी जुळेल. मोबाइल पाहू नये. फोटो काढताना पाहावा लागतो, हा युक्तिवाद ग्राह्य नाही.

वाऱ्याकडे तोंड करून ओकू नये.

येथे वसई-भाईंदर रो-रो सेवेचा स्वतंत्र विचार करणे प्राप्त आहे. रो-रो म्हणजे जिच्यात वाहने चालवत चढवता आणि चालवतच उतरवता येतात अशी बोट. वसई किल्ल्याजवळची जेट्टी आणि भाईंदर यांच्यामध्ये ही सेवा २० फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली; रस्त्याने जे अंतर सुमारे ३५ किलोमीटर पडते ते पाण्यावरून सुमारे साडेतीन किलोमीटर होते, आणि प्रवास पाव तासाच्या आसपास संपतो. एवढ्याशा वेळात, तेही खाडीत, बोट लागणे काकांच्या मते अशक्य आणि काकूंच्या मते सिद्ध आहे. भरती-ओहोटीच्या ओढीत बोट संथपणे कलू लागते, खाली उभ्या असलेल्या मोटारींच्या तापलेल्या टायरांचा आणि डिझेलचा वास वर येतो, आणि एखादा गृहस्थ, जो आतापर्यंत चिमाजी अप्पांनी १७३९ साली ही वसई कशी घेतली ते भाच्याला हातवारे करून सांगत होता, बुरुजाला शिड्या लावण्याच्या ऐन प्रसंगी गप्प होतो. कपाळावर घामाचे बारीक थेंब, ओठ आवळलेले, एक हात कठड्यावर. भाचा विचारतो, 'मग पुढे काय झालं?'

हा प्रसंग औषधयोजनेच्या दृष्टीने अत्यंत नाजूक आहे. काकांच्या स्वतःच्या खिशात तुकडा असतो, पण तो बाहेर काढणे म्हणजे एका सिद्धान्ताचा जाहीर त्याग करणे होय, आणि वयाच्या या टप्प्यावर तशी अपेक्षा कोणाकडूनही करू नये. अशा वेळी काकूंनी डबी उघडून, दुसरीकडे बघत, 'घसा बसलाय ना तुमचा सकाळपासून, घ्या' एवढेच म्हणावे. काकांनी एकदा खाकरून घसा बसल्याची खात्री पटवावी आणि दोन चकत्या घ्याव्यात. तिसरी मागू नये, ती आपोआप मिळते. उपाय उशिरा झाला असल्याने गुण कितपत येईल हे सांगता येत नाही, परंतु भाईंदरचा धक्का जवळ आलेला असतो.

तोपर्यंत कुटुंबातील इतर सर्वांनी वर सांगितल्याप्रमाणे नजर क्षितिजावर ठेवावी.