चिखलात हात घालण्याची पात्रता

सांताक्रूझच्या सुजाण नागरिकांनी शनिवारच्या मातीकाम वर्गांना जो प्रतिसाद दिला आहे, त्याचे करावे तेवढे कौतुक थोडेच. आगाऊ फी, प्रतीक्षायादी, एप्रन आणि हमीपत्रावर सही एवढे सोपस्कार उरकले, की चिखलात हात घालू दिला जातो. लहानपणी याच कर्तृत्वाबद्दल ज्यांच्या पाठीत धपाटा बसला, त्यांना आता प्रमाणपत्र मिळते.

काही कोत्या मनाचे लोक सांगतात, की लोकलने तीन स्थानके दक्षिणेला, माहीमला उतरून धारावीत शिरले की कुंभारवाडा लागतो. सौराष्ट्रातून आलेली कुंभार घराणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या माठ आणि पणत्या घडवत आहेत. असतील. पण त्यांच्याकडे ना नोंदणीचा अर्ज, ना मनःशांतीचे आश्वासन. शिवाय त्यांचा माठ सरळ उभा राहतो. त्यात व्यक्तिमत्त्व कुठे आले? वर्गातला कप कलतो, गळतो, म्हणूनच तो फोटोत जिवंत वाटतो.

तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, अशी आख्यायिका आहे. आगाऊ फी घेण्याची पद्धत तेव्हा नव्हती, त्यामुळे असे प्रकार घडत.

धारावीच्या पुनर्विकासात चाकाला आणि भट्टीला जागा उरली नाही, तर कुंभारवाड्यातील कारागिरांनी मुळीच निराश होऊ नये. शनिवारचे वर्ग त्यांनाही खुले आहेत. पूर्वानुभवाची अट नाही.