गळ्याला त्रास न देता गायक व्हा: रत्नागिरीतील नवशिक्यांसाठी

कोकणात गाणाऱ्यांना तोटा नाही. गणपतीत जाखडी, शिमग्यात नमन, एकादशीला भजन. पाच वर्षांचं पोरही टाळ घेऊन उभं असतं. तेव्हा गाऊन पुढे येण्याची वाट भलतीच गर्दीची आहे. तुम्ही नवीन आहात, तुमचा वेळ मोलाचा आहे. खालच्या पायऱ्या क्रमाने चढा. मध्येच रियाजाची उबळ आली तर पाणी प्या, बसेल.

१. आधी गळा तपासा. पहाटे उठून षड्ज लावा. नीट लागला तर वाईट वाटून घेऊ नका, पण पुढचं आयुष्य कठीण आहे. सुरेल माणसाला सगळे हक्काने बोलावतात, 'तुम्ही काय, घरचेच' म्हणतात आणि नारळ हातात देऊन वाटेला लावतात. षड्ज लागलाच नाही, तर अभिनंदन. घरचे आरवलीच्या प्रथमेश लघाटेचं उदाहरण देतील. तो २००८-०९ मध्ये 'लिटिल चॅम्प्स'च्या शेवटच्या पाचांत पोहोचला, पण गाऊन पोहोचला. असल्या अपवादांकडे लक्ष देऊ नका.

२. गुरू करा. शिकायला नव्हे, निवेदकाला सांगायला. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात. त्यात पोराचं लग्नाचं वय होतं. त्यापेक्षा एखादे बुवा गावात आले की वाकून नमस्कार करा आणि वाकलेले असतानाच फोटो काढून घ्या. पत्रिकेत छापा: 'यांचे मार्गदर्शन लाभले'. लाभलं किती मिनिटं, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

३. चिठ्ठी मिळवा. इथे काही जण वशिल्याच्या नावाने नाक मुरडतील. त्यांना इतिहास सांगा. नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या लहान मुलाला 'बालगंधर्व' हे नाव मिळालं ते लोकमान्य टिळकांकडून, म्हणजे आपल्या टिळक आळीत जन्मलेल्या माणसाकडून. याहून मोठी शिफारस कुठली? पुढे शाहू महाराजांनी त्याच्या कानावर मिरजेत उपचार करवले, आणि १९०५ मध्ये तो किर्लोस्कर मंडळीत गेला, त्यातही महाराजांचा शब्द होता. लताबाईंचंही तेच. १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेले, तेव्हा घराच्या ओळखीतले मास्टर विनायक मदतीला आले. पुढे संगीतकार गुलाम हैदर लताबाईंना फिल्मिस्तानच्या एस. मुखर्जींकडे घेऊन गेले. मुखर्जींनी आवाज बारीक म्हणून नको म्हटलं, तर हैदरांनी १९४८ च्या 'मजबूर'मध्ये गाऊन घेतलं. बघा, ओळख सगळ्यांनाच लागते!

एवढं बोलून पटकन विषय बदला. कारण समोरचा चतुर असेल तर म्हणेल की टिळकांनी, महाराजांनी, हैदरांनी शब्द टाकण्याआधी गाणं ऐकलं होतं. आपल्या काळात हा वेळखाऊ भाग काढून टाकलाय. आता साहेबांचा फोन थेट मंडळाच्या अध्यक्षांना जातो: 'आपला माणूस आहे, बघून घ्या.' माणूस गातो की तबला वाजवतो, हे साहेबांनाही स्टेजवरच कळतं.

४. हापूस पाठवा. या बाबतीत पुण्या-मुंबईचे होतकरू आपल्यापुढे पोरकेच. पण मे महिन्यात पाठवू नका, तेव्हा आंबा सगळेच देतात. मार्चच्या सुरुवातीला, वाशीचा भाव ऐकून छातीत कळ येते तेव्हाची पेटी पाठवा. परीक्षकाला नको, परीक्षक कोण असावा हे जो ठरवतो, त्याला. आणि दुसऱ्याच दिवशी फोन करू नका. फळ कच्चं असतं, गवतात दबलेलं असतं, माणसाला आठवणसुद्धा नसते. पाचव्या दिवशी करा. 'तयार झाला का हो?' पलीकडून उत्तर येईल, 'अहो, घरभर वास सुटलाय.' आता, आत्ताच विचारा: 'यंदा गणपतीत काही कार्यक्रम ठरतोय का आपल्याकडे?'

५. जागा जपून निवडा. थिबा राजवाड्याच्या आवारातला आर्ट सर्कलचा जानेवारीतला महोत्सव टाळा. तिथले लोक थंडीत शाल गुंडाळून मात्रा मोजत बसतात. खल्वायनच्या मासिक सभेत पहिल्या रांगेतल्या आजोबांना तुमचं नाट्यपद तुमच्यापेक्षा पाठ असतं. जाखडीच्या बारीला तर उभेच राहू नका. शक्तीवाल्याने सवाल टाकला की तुरेवाल्याला तिथल्या तिथे जवाब द्यावा लागतो, मध्ये आमदारांना फोन लावायला सवड नसते. आकाशवाणीची स्वरचाचणी सगळ्यांत घातक. बाळकृष्ण केसकर १९५२ मध्ये त्या खात्याचे मंत्री झाले आणि त्यांच्या काळात ही चाचणी बसली. भल्याभल्यांनी आरडाओरडा केला. गाणाऱ्याचं नाव न सांगता नुसता आवाज ऐकायचा, म्हणजे माणसाने वर्षानुवर्षं जोडलेल्या ओळखींचं करायचं काय?

त्यापेक्षा वाढदिवसाचे अभीष्टचिंतन सोहळे बघा, किंवा पैसे भरून एक गाणं गाता येतं असे कराओके. तिथे ऐकणारा प्रत्येक जण आपला नंबर कधी येतो याची वाट बघत असतो. इतका सहनशील श्रोता दुसरीकडे मिळणार नाही.

६. वेळ साधा. तुमचं गाणं दीपप्रज्वलनानंतर लगेच, पाहुणे दुसऱ्या कार्यक्रमाला निघायच्या आत लावून घ्या. खरं गाणारी एखादी लांज्याची मुलगी असतेच, तिला शेवटी ठेवतात. तिचा यमन सुरू होतो तेव्हा मागे वडापाव वाटत असतात, सतरंजीची कडेची टोकं गुंडाळायला घेतलेली असतात, आणि तिचे बाबा शेवटच्या एसटीसाठी घड्याळाकडे बघत दाराशी उभे असतात. वाईट वाटणं साहजिक आहे. वाटू द्या, पण तिचा नंबर घेऊन ठेवा. पुढच्या कार्यक्रमात तिला तुमच्या मागे तंबोऱ्यावर बसवा. तुमचा स्वर खाली आला की ती हलकेच उचलून धरेल, आणि लोकांना ते तुम्हीच गाताय असं वाटेल. पत्रिकेत तळाला 'स्वरसाथ' म्हणून तिचं नाव टाका, प्रायोजकांची यादी बसवून जागा उरली तर.