गॅरेजच्या दारातील काच आणि दोन सुतांचा फरक

मिनियापोलिस

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

परदेशात ज्या जागेस गॅरेज म्हणतात ती चंद्रपूरकडच्या घरालगतचा कोठाच होय. भेद एवढाच की गॅरेजमध्ये बैलांऐवजी मोटारी असतात, आणि त्याचे सोळा फूट रुंद व सात फूट उंच दार, चार आडव्या पट्ट्यांचे असल्यामुळे, रुळांवरून वर सरकत जाऊन छताखाली आडवे होते. सर्वांत वरच्या पट्टीत आठ खिडक्या असतात. छपरात एखादे काचेचे कवेलू बसवून माजघरात उजेड घेण्याची जी गावाकडची रीत, तिचेच हे भावंड. उंचावर असल्याने उजेड आत येतो आणि शेजाऱ्यांची नजर बाहेर राहते. यांपैकी एक काच गवत कापण्याच्या यंत्राने उडवलेल्या खड्याने फुटली असून, यंत्रचालकाचे नाव पत्रलेखकाच्या नावाशी जुळते हा केवळ योगायोग समजावा.

अशा दारास साधी काच इष्ट नसते, कारण ती फुटली की तिचे सुरे होतात. म्हणून कडक काच, म्हणजे 600 अंश सेल्सिअसहून अधिक तापवून हवेच्या झोताने एकाएकी निववलेली काच, वापरतात; तिचा पृष्ठभाग दाबाखाली व गाभा ताणाखाली राहत असल्याने ती सहसा दाद देत नाही, आणि फुटलीच तर तिच्या बोथट खड्यांचा असा सडा पडतो की आपल्या नातीस ती खडीसाखर वाटली. पॉलिकार्बोनेट हे सहसा न फुटणारे प्लास्टिकही मिळते. परंतु त्यावर ओरखडे फार लवकर उठतात, आणि सूनबाईंची घासणी पाहता तो पर्याय विचारातही घेतला गेला नाही.

तिसरा पर्याय दुहेरी काचेचा, म्हणजे दोन काचांमध्ये कोरडी हवा कोंडण्याचा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की चंद्रपुरात वाळ्याच्या ताट्या बाहेरची झळ अडवतात. येथे उणे वीस अंशांत आतली ऊब अडवायची असते. तथापि आठही काचा दुहेरी केल्यास दारावर नऊ-दहा किलोंचा भार वाढतो, आणि दाराचे वजन तोलणारी वरची पिळाची स्प्रिंग पुन्हा जुळवावी लागते, जे काम घरच्या माणसाने हात-पाय शाबूत ठेवण्याच्या इच्छेने कधीही करू नये. फुटलेली एकच काच दुहेरी करणे म्हणजे चाळणीचे एक भोक बुजवणे. सबब एकेरी कडक काच ठरली. बाबांनी फोनवर सुचवलेली आलापल्लीच्या सागाची फळी, ज्या भागाचे सागवान 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेले तेथली असली तरी, उजेडाच्या दृष्टीने गैरसोयीची ठरली असती.

खरा घोटाळा मापात झाला. काच आतून स्क्रूने आवळलेल्या चौकटीत बसते आणि तिची कड त्या चौकटीखाली दडलेली असते; म्हणून चौकट उतरवून काचेच्या खाचेचे माप घ्यावे व प्रत्येक बाजूस एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोकळा सोडावा, हे कोणताही सुतार सांगेल. पत्रलेखकाने, अभियंता असल्यामुळे, खाचेचे माप मिलिमीटरमध्ये अचूक घेतले आणि तेवढ्याच मापाची काच मागवली. ती लांबी-रुंदीत दोन-दोन सूत मोठी निघाली. कडक काच एकदा तयार झाल्यावर कापता येत नाही, कारण कापू गेल्यास सगळी काच दाणे होऊन पडते. दुसरी काच सुतात मोजून मागवली व ती मुकाट्याने बसली. अमेरिकेत अद्याप इंचच चालत असल्याने बाबांचे सूत दुकानदारास लगेच समजले. पहिल्या काचेवर सूनबाई पापड लाटतात.

आपला आज्ञाधारक पुत्र

ता. क. येताना माळ्यावरची घडीची लाकडी फूटपट्टी आणावी. मोहफुले मात्र आणू नयेत, विमानतळावर त्यांचा खुलासा करणे काचेहून अवघड जाईल.